पहिल्या पानावरची जागा आता कोणाची?

मार्च महिना सरत आला की मुंबई-पुण्यातील घराघरांत हापूसची चौकशी सुरू होते. पूर्वी ही चौकशी ओळखीच्या बागायतदाराकडे किंवा नेहमीच्या व्यापाऱ्याकडे होत असे. आता ती मोबाइलवर होते. ग्राहक शोधयंत्रात 'देवगड हापूस घरपोच' असे शब्द लिहितो आणि समोर येणाऱ्या यादीतील पहिल्या तीन-चार नावांपैकी एकाकडे मागणी नोंदवून मोकळा होतो. दुसऱ्या पानावर जाण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. त्यामुळे देवगड तालुक्यात ज्याची स्वतःची शंभर कलमे उभी आहेत असा बागायतदार तिसऱ्या पानावर आणि ज्याने कधी आंब्याची बाग पाहिलेली नाही असा मध्यस्थ पहिल्या क्रमांकावर, असे चित्र सहज दिसू शकते. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि नावाच्या वापराला कायद्याचे बंधन आले. शोधाच्या यादीतील क्रमाला मात्र असे कोणतेही मानांकन लागत नाही.

हा क्रम कसा ठरतो हे ओळखून आपले संकेतस्थळ वर आणण्याच्या विद्येला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' म्हणजेच एसईओ असे नाव आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या विद्येचा एक मोठा व्यवसाय झाला. बड्या कंपन्यांनी त्यासाठी स्वतंत्र विभाग उघडले, छोट्या दुकानदारांनी दरमहा ठरावीक रक्कम देऊन सल्लागार नेमले आणि भारतातील अनेक शहरांतील हजारो तरुणांना त्यातून रोजगार मिळाला. आज या व्यवसायाच्या पायाखालची जमीन सरकते आहे. ज्या यादीत वर येण्यासाठी एवढा खटाटोप होता, ती यादीच हळूहळू मागे पडून तिच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले एकसंध उत्तर येऊ लागले आहे. हा बदल केवळ जाहिरात व्यवसायापुरता मर्यादित नाही. महाजालावर माहिती कोण लिहिणार, त्याचा मोबदला त्याला कसा मिळणार आणि लहान व्यावसायिक ग्राहकापर्यंत कसा पोहोचणार, हे सारे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

शब्दांच्या गर्दीतून दुव्यांच्या बाजारात

यादीत वर येण्याची धडपड महाजालापेक्षा जुनी आहे. दूरध्वनीच्या पिवळ्या पानांच्या काळात अक्षरक्रमात पहिले यावे म्हणून दुकानाच्या नावाआधी 'ए-वन' किंवा 'एएए' जोडण्याची युक्ती जगभरच्या व्यापाऱ्यांनी वापरली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास याहू, अल्टाव्हिस्टा यांसारख्या सेवा आल्या तेव्हा हीच प्रवृत्ती नव्या रूपात अवतरली. त्या काळातील शोधयंत्रे पानावर एखादा शब्द किती वेळा आला आहे याला बरेच महत्त्व देत असत. साहजिकच एकच शब्द शंभर वेळा लिहिणे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तो दडवून ठेवणे किंवा वाचकाला न दिसणाऱ्या सूचक शब्दांच्या रकान्यात तो कोंबणे, असे प्रकार सर्रास सुरू झाले. शोधणाऱ्याला हवे होते एक आणि हाती येई भलतेच.

या गोंधळावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी उपाय काढला. एखाद्या संशोधन निबंधाचे महत्त्व त्याचा उल्लेख इतर किती निबंधांत होतो यावरून ठरते, तसेच एखाद्या पानाचे महत्त्व त्याच्याकडे इतर किती आणि किती प्रतिष्ठित पानांनी दुवा दिला आहे यावरून ठरवावे, ही त्यांची मूळ कल्पना. 'पेजरँक' या नावाने ती ओळखली गेली आणि १९९८ मध्ये गुगल ही कंपनी स्थापन झाली. विशेष म्हणजे, जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील आणि ग्राहकांच्या गरजांपासून दूर जातील, असा इशारा याच दोघांनी त्या वर्षीच्या आपल्या निबंधात दिला होता. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये गुगलने स्वतःची जाहिरात योजना सुरू केली आणि आज कंपनीचा डोलारा प्रामुख्याने जाहिरातींवरच उभा आहे. २०२४ या वर्षात गुगलची मातृकंपनी अल्फाबेटने सुमारे ३५० अब्ज डॉलरचा महसूल मिळवला. त्यातील सुमारे १९८ अब्ज डॉलर शोधसेवा आणि तिच्याशी संलग्न जाहिरातींतून आले होते.

दुव्यांना महत्त्व आल्याबरोबर दुव्यांचा बाजार उभा राहिला. पैसे घेऊन दुवे देणारी संकेतस्थळे, केवळ दुव्यांसाठी उभारलेल्या बनावट निर्देशिका, अनोळखी पानांवरील प्रतिक्रियांत घुसडलेले पत्ते, असे अनेक प्रकार रूढ झाले. या उपद्रवाला आळा घालण्यासाठी गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांना २००५ मध्ये एकत्र यावे लागले. क्रम ठरविताना ज्या दुव्याची दखल घेऊ नये त्यावर तशी खूण करण्याची सोय त्यांनी केली. पाश्चात्त्य कंपन्यांसाठी असे दुवे जमविण्याचे कंटाळवाणे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले, हे या व्यवसायातील उघड गुपित होते.

बड्यांनाही बसला दणका

आडवाटेने वर येण्याचा मोह केवळ किरकोळ व्यावसायिकांनाच झाला असे नाही. बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने आपल्या सूचीतून काढून टाकले होते. शोधयंत्राला शब्दांनी भरलेले एक पान दाखवायचे आणि ग्राहकाला मात्र दुसऱ्याच पानावर न्यायचे, असा प्रकार तेथे आढळला होता. ती पाने हटविल्यानंतर काही दिवसांतच संकेतस्थळाला पुन्हा सूचीत स्थान मिळाले. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण उजेडात आणले. नाताळच्या खरेदीच्या हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात ही एकच कंपनी सर्वांत वर दिसत होती. मुळात काहीही संबंध नसलेल्या असंख्य संकेतस्थळांवर तिच्या पानांचे दुवे पेरले गेले होते. हे दुवे आपल्या संमतीने दिलेले नव्हते, असा खुलासा करून कंपनीने आपल्या सल्लागार संस्थेशी संबंध तोडले. गुगलने कारवाई करताच काही शोधांत पहिल्या क्रमांकावरील ही कंपनी काही तासांत सत्तरीच्या आसपास घसरली.

या प्रकरणाचा धडा दुहेरी होता. शोधाच्या यादीतील स्थान पैशाने आणि युक्तीने मिळविता येते, हे एकीकडे सिद्ध झाले. दुसरीकडे, एका खासगी कंपनीच्या निर्णयाने कोणाचाही व्यवसाय एका रात्रीत अदृश्य होऊ शकतो, हेही दिसून आले. दंड योग्य होता याबद्दल वाद नव्हता. परंतु तक्रार करणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकच होता.

त्यानंतर गुगलने नियम कडक केले. फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' या नावाने ओळखला जाणारा बदल आला. दर्जाहीन, उचललेला किंवा केवळ शोधयंत्रासाठी लिहिलेला मजकूर मागे ढकलणे हा त्याचा हेतू होता आणि अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' या बदलाने विकतच्या दुव्यांवर घाव घातला. सूचक शब्दांच्या छुप्या रकान्याला क्रमवारीत काहीही स्थान नसल्याचे तर कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले होते. पुढे एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट न दिसणारी पाने मोबाइलवरील शोधात मागे पडू लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'बर्ट' ही भाषा समजणारी प्रणाली आली आणि सुटे शब्द जुळविण्याऐवजी वाक्याचा अर्थ लावण्याकडे शोधयंत्राची वाटचाल वेगाने सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ही प्रणाली ज्या सत्तरहून अधिक भाषांना लागू झाली, त्यांत मराठीचाही समावेश होता.

परिणामी या विद्येचे स्वरूप पालटले. शब्द किती वेळा घालावा याची गणिते मांडणाऱ्यांची जागा संकेतस्थळाचा वेग, त्याची रचना, मजकुराची विश्वासार्हता आणि लेखकाचे त्या विषयातील ज्ञान यांचा विचार करणाऱ्यांनी घेतली. एके काळी संगणक विभागाच्या कोपऱ्यात चालणारे हे काम विपणन विभागाच्या केंद्रस्थानी आले. चांगले लिहिणे हीच उत्तम युक्ती, असे सल्लागार सांगू लागले आणि काही काळ ते बऱ्याच अंशी खरेही होते.

मराठीची निराळी अडचण

मराठीच्या बाबतीत मात्र हा सारा प्रवास उशिरा सुरू झाला. या शतकाच्या सुरुवातीस मराठी वृत्तपत्रांनी महाजालावर आवृत्त्या काढल्या तेव्हा प्रत्येकाचा टंक वेगळा होता. वाचकाला तो आधी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागे. पडद्यावर देवनागरी अक्षरे दिसत असली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक साखळी होती. त्यामुळे एखाद्या मराठी वृत्तपत्राने एखाद्या विषयावर पन्नास लेख प्रसिद्ध केले असले तरी मराठीत शोध घेणाऱ्याला त्यातील एकही सापडत नसे. युनिकोड या सामाईक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ मध्येच, तिच्या पहिल्या आवृत्तीत, स्थान मिळाले होते. प्रत्यक्ष वापर रुळायला पुढील दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ज्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर झाले नाही, तो शोधयंत्रांच्या दृष्टीने जणू कधी लिहिलाच गेला नव्हता.

टंकाचा प्रश्न सुटल्यावर व्याकरणाचा प्रश्न पुढे आला. इंग्रजीत शहराचे नाव वाक्यात कोठेही आले तरी त्याचे रूप बदलत नाही. मराठीत 'पुणे' हा शब्द 'पुण्यात', 'पुण्याचा', 'पुण्याहून', 'पुणेकरांना' अशी रूपे घेतो. केवळ अक्षरे जुळविणाऱ्या शोधयंत्राला ही सारी रूपे एकाच गावाची आहेत हे कळत नसे. ऱ्हस्व-दीर्घाचे भेद, अनुस्वाराच्या लकबी, एकाच इंग्रजी शब्दाची देवनागरीत होणारी तीन-चार लेखने यांनी अडचणीत भर घातली. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. शिवाय बहुसंख्य मराठी वापरकर्त्यांचे हात रोमन कळफलकाला सरावलेले असल्याने त्यांचा शोधही पुष्कळदा रोमन लिपीतच होतो. मराठीत उत्तम संकेतस्थळ चालविणाऱ्यालाही इंग्रजीतील एखादे पान ठेवावेच लागते, त्याचे कारण हेच. अर्थ जाणणाऱ्या नव्या प्रणालींमुळे ही अडचण बरीच कमी झाली. परंतु मराठी मजकूर शोधयंत्रांच्या नजरेस पडू लागला तोच शोधाची पद्धत बदलण्यास आरंभ झाला.

दहा दुव्यांच्या यादीचा संकोच

शोधाच्या पानाचे रूप एका दिवसात बदललेले नाही. २०१२ मध्ये गुगलने व्यक्ती, स्थळे, संस्था यांची माहिती चौकटीत थेट देण्यास सुरुवात केली. पुढे काही प्रश्नांचे उत्तर एखाद्या संकेतस्थळावरील उतारा उचलून यादीच्याही वर दाखविले जाऊ लागले. हवामान, क्रिकेटचा धावफलक, चलनाचा दर, शब्दाचा अर्थ यांसाठी कोणत्याही दुव्यावर जाण्याची गरज उरली नाही. २०१६ मध्ये संगणकावरील उजव्या बाजूच्या जाहिराती हटवून त्या यादीच्या वर आणि खाली आणण्यात आल्या. जाहिरात आणि खरा निकाल यांच्यातील रंगाचा भेदही कालांतराने पुसट होत गेला. जवळपासचे दुकान, डॉक्टर, उपाहारगृह शोधले की आधी नकाशा आणि त्याखाली तीन नावे येतात. गल्लीतील व्यावसायिकासाठी संकेतस्थळापेक्षा नकाशावरील नोंद आणि ग्राहकांचे अभिप्राय अधिक मोलाचे ठरू लागले.

या व्यवस्थेची काळी बाजूही महाराष्ट्राने पाहिली. नकाशावरील नोंदीत कोणालाही बदल सुचविता येतो, या सोयीचा गैरफायदा घेऊन बँकांच्या शाखांपुढे भामट्यांनी स्वतःचे दूरध्वनी क्रमांक टाकल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये राज्यातील सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. ग्राहक बँक समजून चोरालाच फोन करीत होता. पहिल्या क्रमांकावर दिसते ते खरेच असणार, या सर्वसामान्यांच्या समजुतीचाच तो बळी होता.

तरीही नोव्हेंबर २०२२ पर्यंत मूळ व्यवहार टिकून होता. 'आम्हाला तुमचा मजकूर वाचू द्या, आम्ही तुमच्याकडे वाचक पाठवू', असा तो अलिखित करार होता. त्या महिन्याच्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि प्रश्न विचारताच सलग भाषेत उत्तर मिळते, याची लोकांना सवय लागू लागली. गुगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत शोधाच्या यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला सारांश देण्यास प्रारंभ केला. पिझ्झावरील चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद घालावा, असा सल्ला या सारांशाने पहिल्याच महिन्यात दिल्याने त्याची जगभर थट्टा झाली. मात्र कंपनी मागे हटली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ही सोय भारतात इंग्रजी आणि हिंदीत आली. २०२५ मध्ये त्यापुढचे पाऊल म्हणून, दुव्यांची पारंपरिक यादी बाजूला ठेवून संपूर्ण संवादच कृत्रिम बुद्धिमत्तेशी करण्याची स्वतंत्र सोय अमेरिकेत आणि पाठोपाठ भारतात खुली झाली.

याचा परिणाम किती झाला, याचा एक अंदाज अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मिळतो. सुमारे ९०० अमेरिकी प्रौढांच्या मार्च २०२५ मधील शोधांची पाहणी या संस्थेने केली. सारांश समोर आला नाही तेव्हा १५ टक्के वेळा लोकांनी यादीतील एखादा दुवा उघडला. सारांश आला तेव्हा हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. खुद्द सारांशात दिलेला संदर्भाचा दुवा उघडण्याचे प्रमाण अवघे एक टक्का होते. गुगलने अशा निष्कर्षांशी असहमती दर्शविली आहे. आपल्याकडून संकेतस्थळांकडे जाणाऱ्या वाचकांचे एकूण प्रमाण वर्षभरात साधारण स्थिर राहिले असून जे जातात ते अधिक वेळ रेंगाळतात, असे कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. दोन्ही विधाने एकाच वेळी काही अंशी खरी असू शकतात. एकूण शोधांची संख्या वाढली तर दर शोधामागे जाणारे वाचक घटूनही बेरीज तेवढीच राहू शकते. मात्र ही बेरीज कोणाच्या वाट्याला किती येते, हे ठरविणारी आकडेवारी कंपनीच्याच तिजोरीत आहे.

नकार देण्याचीही सोय नाही

संकेतस्थळ चालविणाऱ्याची खरी कोंडी येथे आहे. आपला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये, असे कळविण्याची सोय गुगलने २०२३ मध्ये दिली. परंतु ती शोधाच्या पानावरील सारांशाला लागू नव्हती. सारांशात मजकूर येऊ नये असे वाटत असेल, तर यादीतील आपल्या दुव्याखालच्या ओळीही गमवाव्या लागतात किंवा शोधयंत्राला संकेतस्थळाचे दारच बंद करावे लागते. गुगलला दार बंद करणे म्हणजे बाजारपेठेतील दुकानाचे शटर खाली ओढून मागच्या दाराने गिऱ्हाइकाची वाट पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील न्यायालयाच्या निष्कर्षानुसार तेथील सुमारे ९० टक्के शोध गुगलवरच होत होते आणि मोबाइलवर हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात होते. एवढे मोठे प्रवेशद्वार एकाच्याच हाती असताना 'नको असेल तर येऊ नका' या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

त्यामुळे वाद न्यायालयांत पोहोचले. शैक्षणिक सेवा देणाऱ्या चेग या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये, तर अनेक नियतकालिके चालविणाऱ्या पेन्स्के मीडियाने सप्टेंबर २०२५ मध्ये याच मुद्द्यावर गुगलविरुद्ध दावा केला. भारतात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआयला दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये प्रकाशकांच्या मजकुराच्या वापराबाबत गुगलची चौकशी सुरू केली. काहींनी तांत्रिक वाट धरली. जगभरातील असंख्य संकेतस्थळांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरने जुलै २०२५ पासून नव्या ग्राहकांच्या संकेतस्थळांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांना परवानगीशिवाय मज्जाव केला आणि मजकुरासाठी पैसे आकारण्याची योजनाही मांडली.

मक्तेदारीचा मूळ प्रश्न त्याहून जुना आहे. स्वतःच्या खरेदी सेवेला यादीत झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गुगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम केला. भारतीय स्पर्धा आयोगानेही फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड ठोठावला; कंपनीने त्याला आव्हान दिले. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने शोधक्षेत्रातील मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकविल्याचा निर्णय दिला. मोबाइल आणि ब्राउझरवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम इतरांना दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले होते. सप्टेंबर २०२५ मधील आदेशात मात्र क्रोम ब्राउझर विकण्याची मागणी फेटाळली गेली. असे करार अनन्य स्वरूपाचे नसावेत आणि काही माहिती स्पर्धकांना द्यावी, एवढ्यावर न्यायालय थांबले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे स्पर्धेचे चित्र बदलत असल्याची नोंद न्यायालयाने त्या वेळी आवर्जून घेतली.

नव्या यंत्रासाठी नव्या युक्त्या

व्यवसाय मात्र न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही. यादीत वर येण्याऐवजी उत्तरात नाव यावे, हे नवे उद्दिष्ट ठरले असून त्यासाठी 'जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन' असे नवे नावही रूढ झाले आहे. ही संज्ञा मांडणाऱ्या २०२३ मधील निबंधात अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाबरोबर दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकाचाही सहभाग होता. मजकुरात आकडेवारी, तज्ज्ञांची उद्धृते आणि स्रोतांचे उल्लेख असतील तर उत्तरात तो घेतला जाण्याची शक्यता वाढते. शब्द कोंबण्याच्या जुन्या युक्तीचा मात्र उपयोग होत नाही, असा त्या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

वरकरणी हे आशादायक वाटते. आकडे आणि आधार देऊन लिहिणाऱ्याला फायदा होणार असेल तर तक्रार कशाला? परंतु इतिहास वेगळेच सांगतो. दुव्यांना भाव आला तेव्हा खोटे दुवे तयार झाले. आकड्यांना आणि अवतरणांना भाव आला की खोटे आकडे आणि खोटी अवतरणे तयार होण्यास वेळ लागणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने अशी हजारो पाने एका दिवसात लिहून घेता येतात. या पिकाला आवर घालण्यासाठी गुगलला मार्च २०२४ मध्ये नवे नियम करावे लागले. केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, त्या नियमांनुसार कारवाईस पात्र ठरतो. यंत्राने लिहायचे, यंत्राने वाचायचे आणि यंत्रानेच सारांश करायचा, या फेऱ्यात प्रत्यक्ष माहिती गोळा करणाऱ्या माणसाचे स्थान कोठे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

या बदलाची पहिली झळ तळाला बसते आहे. शब्दाच्या हिशेबाने मजकूर लिहून देणारे तरुण, दुवे जमविणारे कर्मचारी, महिन्याच्या अखेरीस 'अमुक शब्दाला तिसरा क्रमांक' असा अहवाल देणाऱ्या छोट्या संस्था यांचे काम एक तर यंत्राकडे जात आहे किंवा त्याचे मोलच उरलेले नाही. पहिल्या क्रमांकावर असूनही दुवा उघडलाच जात नसेल, तर त्या क्रमांकासाठी दरमहा पैसे का मोजावेत, असे ग्राहक विचारू लागला तर त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. सल्लागारांनाही आता दुसरेच हिशेब द्यावे लागतील: किती चौकशा आल्या, किती विक्री झाली, नाव किती ठिकाणी आणि कोणत्या संदर्भात घेतले गेले.

नावाची पत हाच आधार

मग लहान व्यावसायिकाने काय करावे? शोधयंत्राकडे पाठ फिरविणे हा शहाणपणा नव्हे. उपचार, प्रवास, खरेदी, दुरुस्ती यांसाठी ग्राहक आजही शोधयंत्राकडेच वळतो आणि प्रत्यक्ष वस्तू किंवा सेवा घ्यायची असते तेव्हा केवळ सारांश वाचून त्याचे काम भागत नाही. ज्यांचा व्यवसाय माहिती पुरविण्याचा आहे, त्यांच्यावरील संकट अधिक गडद आहे. ज्यांना आंबे, साड्या किंवा शिकवणी विकायची आहे, त्यांच्याकडे ग्राहकाला शेवटी यावेच लागते. नकाशावरील नोंद अचूक ठेवणे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक वरचेवर तपासणे, खऱ्या ग्राहकांचे अभिप्राय मिळविणे, आपल्या मालाबद्दल इतर कोणाकडे नाही अशी माहिती स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिणे, ही साधी कामे कोणत्याही नव्या नावाच्या विद्येपेक्षा अधिक टिकाऊ ठरली आहेत. त्याचबरोबर एकदा आलेल्या ग्राहकाशी थेट संपर्क ठेवणे, म्हणजे त्याच्याशी दूरध्वनी, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून नाते जोडणे, हा मधल्या दलालावरील अवलंबन कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

व्यक्तिगत शहाणपणाने सुटतील एवढे हे प्रश्न छोटे नाहीत. यादी होती तेव्हा निदान दहा नावे समोर येत, ग्राहक त्यांची तुलना करू शकत असे आणि पहिले नाव खोटे निघाले तर चौथ्याकडे जाण्याची मुभा त्याला होती. एकच उत्तर मिळू लागले की निवड आधीच झालेली असते. ती कोणत्या निकषावर झाली, त्यात पैशाचा वाटा किती, चूक झाली तर जबाबदार कोण, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आणि व्यावसायिकाला असला पाहिजे. शोधाच्या पानावरील जाहिरात स्पष्टपणे जाहिरात म्हणून ओळखू यावी, सारांश नाकारूनही यादीत राहण्याची मुभा मिळावी आणि क्रमवारीतून बाद झालेल्याला कारण समजावे, एवढ्या किमान गोष्टींसाठी नियामकांना पुढाकार घ्यावा लागेल.

देवगडच्या बागायतदाराला पेजरँक ठाऊक नव्हते आणि नव्या यंत्राचे गणितही त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याचा आंबा अस्सल आहे, एवढेच त्याला ठाऊक आहे. ग्राहकाने विचारले असता ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचविणे हेच शोधयंत्राचे मूळ काम होते. यादी जावो वा राहो, त्या कामाची मोजदाद याच कसोटीवर व्हायला हवी.